सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला का?

बास्केटबॉल खेळताना उंच उडी घेतलीत आणि उतरताना पाय नेमका दुसऱ्याच्या बुटावर पडला, की पुढे काय होते हे तुम्हांला सांगायला नको. पाऊल आत वळते, घोट्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येते आणि तासाभरात पाय सुजतो. परभणी, सेलू, गंगाखेडकडे काळ्या मातीच्या मैदानांना उन्हाळ्यात भेगा पडतात; तेथे पाय मुरगळायला दुसऱ्याचा बूटही लागत नाही. मग आंबेहळदीचा लेप, पट्टी आणि सूज उतरली की, "चल, उतर मैदानात!"

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

घोट्याची हाडे बाहेरच्या बाजूने तीन अस्थिबंधांनी बांधलेली असतात. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा त्यांतला पुढचा ताणला जातो किंवा फाटतो. पण अस्थिबंध म्हणजे नुसती दोरी नव्हे. पाऊल किती कलले आहे ही वर्दी मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोके त्यात असतात. दोरी सांधली तरी वर्दी बिघडलेलीच राहू शकते, असे फ्रीमन या ब्रिटिश शल्यविशारदाने 1965 साली मांडले. बिघाड केवळ घोट्यात नसून मेंदूच्या नियंत्रणातही असतो, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. असा घोटा दिसायला धडधाकट असतो, पण सपाट रस्त्यावरही अचानक दगा देतो. ऑस्ट्रेलियातील बास्केटबॉल खेळाडूंच्या 2001 सालच्या एका अभ्यासात, ज्यांचा घोटा पूर्वी दुखावला होता त्यांना पुन्हा दुखापत होण्याचा संभव जवळजवळ पाचपट आढळला.

मग ओळखायचे कसे? मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यास दुखत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन क्ष-किरण चित्र काढावे. अस्थिबंध किती सैल झाला हे डॉक्टर टाच पुढे ओढून पाहतात. तुम्ही मात्र मित्राच्या पायावर हा प्रयोग करू नका! पहिल्या दिवशी सुजेमुळे तेही नीट कळत नाही, चार-पाच दिवसांनी कळते.

न दुखता चालता येऊ लागले, की पुढची तपासणी शाळेतच होते. भिंतीजवळ एका पायावर उभे राहा, मग डोळे मिटा. दोन्ही पायांची तुलना करा. नंतर जमिनीवर खडूने सरळ रेघ ओढा, एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा अंगठा तोल न जाता रेघेवर किती पुढे पोचतो ते मोजा. पाय बदलून पुन्हा मोजा. अमेरिकेतील शालेय बास्केटबॉल खेळाडूंच्या 2006 सालच्या अभ्यासात, ज्यांच्या दोन पायांत 4 सेंटिमीटरहून अधिक फरक होता, त्यांना पायाची दुखापत होण्याचा संभव अडीचपट निघाला. 4 सेंटिमीटर हा काही देवाचा शब्द नव्हे. पण "बरं वाटतंय सर" यापेक्षा मोजपट्टी बरी.

शिक्षकांना विनंती अशी, की संघाच्या वहीत उंची-वजनाशेजारी हे दोन आकडे लिहावेत. फरक दिसला तर त्या मुलाला घरी बसवू नये. खाली अर्धगोल ठोकळा बसवलेल्या फळीवर तोल सांभाळायचा सराव द्यावा. फ्रीमननेही हाच उपाय सुचवला होता, आणि अशी फळी गावातला कोणताही सुतार करून देईल.