बाकावरचे सात

कबड्डी-खोखोच्या रत्नागिरीत मुलांचा बास्केटबॉल संघ बांधायचा, तर पहिली गाठ पावसाशी. उघडं सिमेंटचं कोर्ट शेवाळलेलं. ले-अपला पाऊल उचललं की घसरलंच. जिल्हा जिंकला, तर पुढे कोल्हापूर विभागात घाटावरच्या संघांशी सामना.

पण खरी कसोटी कोर्टाबाहेर. संघात १२, मैदानात ५. उरलेल्या ७ जणांच्या आईवडिलांची समजूत कशी काढायची, हे कोणत्याच प्रशिक्षण शिबिरात मनावर घेऊन शिकवत नाहीत! निवडीचे निकष आणि कोणाला किती वेळ खेळवणार, हे हंगामाआधीच पालकसभेत लेखी द्यावं. पालकांनीही कडेला उभं राहून ‘अरे, शूट कर!’ ओरडू नये. रिंग ३.०५ मीटरवर आहे. पोराला ती आधीच उंच वाटते.