सोनं मिळालं, धान्य नाही

लहानपणीच्या गोष्टीवर रक्त ओतलं की डार्क थ्रिलर तयार, असा एक समज सध्या सिनेमावाल्यांत पसरलाय. २०२२च्या जानेवारीत अमेरिकेत 'विनी द पू'च्या पहिल्या पुस्तकाचा कॉपीराइट संपला आणि २०२३मध्ये तेच गुबगुबीत अस्वल पडद्यावर माणसं मारत सुटलं. 'स्टीमबोट विली'तला मिकी माऊस १ जानेवारी २०२४ला मोकळा झाला, तर त्याच दिवशी त्याच्या स्लॅशरपटाचा ट्रेलर हजर! तुम्हीही यातले तुकडे रील्समध्ये बघितले असतील. भीती वाटली? खरं सांगा. बहुतेक हसून पुढे स्क्रोल केलं असणार.

मुळात जुन्या परीकथांना वेगळा काळा रंग लावावा लागतच नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात सिंड्रेलाच्या सावत्र बहिणी बुटात पाय मावावा म्हणून पायच कापतात. एक अंगठा, दुसरी टाच. 'द अग्ली स्टेपसिस्टर' या २०२५च्या नॉर्वेजियन सिनेमाने नेमकी हीच बहीण उचलली. सुंदर दिसण्यासाठी स्वतःच्या शरीराचे हाल करून घेणारी मुलगी आपल्याला काही परकी नाही, म्हणून तो सिनेमा टोचतो. आपल्याकडची भोपळ्यातली म्हातारी आठवा. जंगलात प्रत्येक वळणावर कोणीतरी तिला खायला टपलंय आणि ती काय म्हणते? आत्ता नको, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. यापेक्षा थ्रिलर काय असतो?

ही नस आपल्याकडे सापडली ती 'तुंबाड'ला. राही अनिल बर्वेंचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ला आला तेव्हा थिएटरं काही भरली नाहीत. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेच्या सगळ्या कमाईपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. रांगेत कोण होतं? तुमच्याच वयाची पोरं. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं, पण गोष्ट अगदी वेगळी. तिच्यामागे आहे नारायण धारपांची 'आजी', आणि त्या 'आजी'मागे स्टीफन किंगची एक कथा. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी धारपांकडे येऊन आपली आजी झाली आणि मग पडद्यावर गेली. (पडद्यावर ती हिंदी बोलते, ही खंत आहेच.)

आता त्यातली करामत बघा. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. 'तुंबाड'मध्ये ते उलटं फिरतं. साखळदंडाने बांधलेल्या भुकेल्या आजीला तिचा नातू हस्तरचं नाव घेऊन झोपवतो. रक्ताचा थेंब न दाखवता अंगावर काटा येतो, कारण शब्द आपल्याच घरातले आहेत. पुढचं सगळं सामानही स्वयंपाकघरातलंच. पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली. हस्तरला देवीचं सोनं मिळालं, पण धान्याला हात लावायच्या आधीच तो अडवला गेला, म्हणून तो युगानुयुगं उपाशी. त्याचं सोनं चोरायचं तर आधी त्याला पीठ खाऊ घालायचं!

सोनं मिळालं, धान्य नाही. मानसरोवर स्टेशनवर उतरून कामोठ्यात चालत जाताना हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आज जिथे सेक्टर, सोसायट्या आणि मोमोजच्या गाड्या आहेत, तिथे भातखाचरं होती. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, पाठोपाठ पनवेल-उरणच्या जमिनींचं संपादन सुरू झालं. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पुढे भूखंडांचे भाव चढत गेले. भात मात्र दुकानातून येऊ लागला.

या भागातल्या तुमच्या एखाद्या मित्राची आजी आगरी बोलीत गोष्टी सांगत असेल, तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. खाडीतलं, बांधावरचं, अवसेच्या रात्रीचं, जे सांगेल ते. शॉर्टफिल्मसाठी विषय मिळत नाही म्हणून कोरियन सिनेमे धुंडाळणाऱ्यांना तर हे मी हात जोडून सांगेन. सेटचीही गरज नाही, अर्धवट बांधलेल्या इमारतीचं पावसाळी तळघर पुरेल.

अवघड काम एकच, आणि ते पटकथेच्या पहिल्याच पानावर अडेल. या गोष्टीत हस्तर कोणाला करायचं? जमीन घेणाऱ्याला, भाव वाढल्यावर विकणाऱ्याला, की त्याच खाचरावर सातव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन गॅलरीतून पाऊस बघणाऱ्या आपल्याला?