रुमालाचा उंदीर आणि हळदीचे पाणी

साथीचा रोग मुलांना कसा समजावून सांगावा, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. त्याचे उत्तर मला गेल्या महिन्यात माजिवड्यातील एका शाळेत मिळाले. आठवीच्या वर्गाला प्लेगविषयी सांगण्यासाठी तेथील इतिहासाच्या बाईंनी मला बोलाविले होते. १३४७ ते १३५१ या काळात युरोपातील निदान एक तृतीयांश माणसे प्लेगने दगावली, हे वाक्य मुलांनी निर्विकारपणे वहीत उतरवून घेतले. तेव्हा वह्या मिटवून आम्ही पेले काढले.

वर्गात बत्तीस मुले होती. प्रत्येकाला अर्धा पेला पाणी दिले आणि कोणीही ते प्यायचे नाही, अशी ताकीद दिली. एकाच पेल्यात धुण्याचा सोडा विरघळविलेला होता. तो कोणाच्या हाती गेला, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. मग चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत नवा जोडीदार शोधायचा, दोघांचे पाणी एकत्र करायचे आणि पुन्हा निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. शेवटी प्रत्येक पेल्यात हळदीच्या पाण्याचे काही थेंब टाकले. सोड्याच्या संगतीत हळद लाल होते. एकाचे दोन, दोनाचे चार, या हिशेबाने चार फेऱ्यांत जास्तीत जास्त सोळा पेले लाल होऊ शकतात. आम्ही मोजले, तर अकरा भरले.

येथे गणिताने आम्हाला थांबविले. पाणी नेहमी दोघांत वाटले जाते. म्हणजे शेवटच्या फेरीनंतर प्रत्येक जोडीतील दोन्ही पेले लाल असणार, नाहीतर दोन्ही पिवळे. लाल पेल्यांची संख्या विषम येणे शक्यच नाही. बारावा पेला शेवटच्या बाकाच्या खणात सापडला. पहिला पेला लाल होताच वर्गात ‘हा बाधित, हा बाधित’ असा गिल्ला झाला होता, म्हणून त्या मुलाने आपला पेला लपविला होता. ‘‘मी काहीच केलं नव्हतं, सर,’’ तो खालच्या मानेने म्हणाला. वर्ग एकदम शांत झाला.

त्या शांततेत मी पुण्याची गोष्ट सांगितली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. रँडच्या प्लेग समितीने घरझडतीला गोरे सैनिक धाडले. ते स्वयंपाकघरात व देवघरात शिरले. रुग्णांना घरातून उचलून नेऊ लागले. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे मुलांना ठाऊक होते. त्यामागे घरोघरी दडवून ठेवलेले रुग्ण होते, हे मात्र त्यांच्या ध्यानी प्रथमच आले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले.

पेल्यांचा खेळ मात्र अर्धेच सत्य सांगतो. श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जाणारा प्लेग फुप्फुसाचा असतो. काखेत वा जांघेत गाठ आणणारा प्लेग मुख्यतः पिसवांमार्फत येतो. म्हणून आम्ही रुमालाचा उंदीर केला आणि त्यावर तीळ पसरले. तीळ म्हणजे पिसवा. उंदीर ‘मेला’ की त्याचे अंग थंड पडते आणि पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. रुमाल झटकताच तीळ मुलांच्या बाह्यांवर पडले. पॉल-लुई सिमाँ यांनी हा मार्ग १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिला. पण उंदीर पटापट मरू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालाव्यात, हे आपल्या खेड्यांतील माणसे अनुभवाने शिकली होती.

मध्ययुगीन युरोपला यातले काहीच ठाऊक नव्हते, म्हणून त्याने दोषी शोधले. ज्यूंनी विहिरींत विष कालविले, अशी आवई उठली आणि १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. रोगाचा मार्ग कळला नाही की माणूस रोग्यालाच किंवा शेजाऱ्यालाच शत्रू ठरवितो.

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत. लवकर उपचार मिळाले तर रुग्ण बरा होतो. परंतु उंदीर आपल्या सोबत आहेतच. पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात. पायाला जखम असताना अशा पाण्यात उतरू नये; उतरावे लागलेच, तर पाय साबणाने स्वच्छ धुवावेत. पुढील काही दिवसांत ताप आला, तर त्वरित डॉक्टरांकडे जावे आणि पाण्यातून चाललो होतो, हे आवर्जून सांगावे. घरातील ओला कचरा झाकून ठेवावा. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

हळद, सोडा आणि चार पेले प्रत्येक घरात असतात. सुटीच्या दिवशी हा खेळ मुलांसोबत अवश्य खेळा. फक्त एक नियम आधी सांगा: ज्याचा पेला लाल होईल, त्याला कोणी हसायचे नाही. आमच्या वर्गाने खेळ पुन्हा खेळला, तेव्हा हा नियम मुलांनीच फळ्यावर लिहिला होता. त्या वेळी एकही पेला लपविला गेला नाही.