गरिबाच्या रिचार्जवरचा अधिभार

भाववाढीचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात वस्तूची किंमत उघडपणे वाढते. ती वर्तमानपत्रांत छापून येते, तिच्याविरुद्ध मोर्चे निघतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. दुसऱ्या प्रकारात किंमत वाढल्याचे कोणीच जाहीर करीत नाही. स्वस्त वस्तू दुकानातून गुपचूप नाहीशी होते आणि ग्राहकाला महाग वस्तू घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मोबाइल सेवेच्या क्षेत्रात २०१८ पासून हे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू आहेत. पहिल्याचा निषेध होतो. दुसऱ्याची साधी नोंदही घेतली जात नाही. वस्तुतः कष्टकरी माणसाचे अधिक नुकसान या दुसऱ्या प्रकाराने केले आहे.

स्वस्त पायऱ्यांचे उच्चाटन

१९९५ साली मोबाइल सेवा आली तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. २००३ मध्ये इनकमिंग कॉल मोफत झाले आणि मोबाइल खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या हाती आला. दहा रुपयांचा टॉपअप टाकून गवंडी, रंगारी, घरकाम करणाऱ्या बाया फोन चालू ठेवीत. पैसे वाचवायचे असले की 'मिस्ड कॉल' देत. २००५ च्या अखेरीस तर कंपन्यांनीच ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' इनकमिंगच्या योजना विकल्या. गरिबाने फोन करावा की नाही हे त्याच्या ऐपतीवर अवलंबून होते. परंतु त्याला आलेला फोन घेण्याचा अधिकार मात्र निर्वेध होता.

२०१८ च्या नोव्हेंबरात या अधिकारावर पहिला आघात झाला. एअरटेल व व्होडाफोन आयडिया या कंपन्यांनी किमान ३५ रुपयांचे रिचार्ज न केल्यास सेवा खंडित होईल, असे संदेश कोट्यवधी ग्राहकांना धाडण्यास प्रारंभ केला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्याबद्दल विचारणा केली. पण किमान रिचार्जची प्रथा रूढ झाली ती झालीच. त्यानंतरचा एअरटेलचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २०२१ च्या जुलैत ४९ रुपयांचा पॅक बंद होऊन ७९ रुपयांचा सर्वांत स्वस्त ठरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ७९ चे ९९ झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात हरियाणा व ओडिशामध्ये ९९ चा पॅक काढून टाकून १५५ चा आणण्यात आला आणि पुढे तो इतर राज्यांत पसरला. त्यातही २८ दिवसांच्या जागी २४ दिवस देण्यात आले. २०२४ च्या जुलैत २८ दिवसांच्या १७९ रुपयांच्या पॅकला १९९ रुपये पडू लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिओ व एअरटेल या दोघांनीही दररोज १ जीबी डेटा देणाऱ्या २४९ रुपयांच्या योजनेला हात घातला. एअरटेलने ती बंद केली. जिओने ऑनलाइन यादीतून काढली आणि दुकानात ती मिळते, असे सांगितले. पुढची पायरी २९९ रुपयांची होती.

यात चार युक्त्या दिसतात. दर वाढवणे ही पहिली. खालची पायरी काढून घेणे ही दुसरी. दिवस कमी करणे ही तिसरी. आणि नको असलेला डेटा गळ्यात बांधणे ही चौथी. तिसऱ्या युक्तीचा हिशेब सोपा आहे. वर्षाचे महिने बारा. पण २८ दिवसांनी रिचार्ज करावयाचे तर वर्षाला १३ वेळा पैसे भरावे लागतात. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची किमान एक योजना ठेवण्याचा आदेश दिला. कंपन्यांनी आदेश कागदोपत्री पाळला आणि २८ दिवसांचा व्यवहार पूर्ववत चालू ठेवला.

थोडे घेणाऱ्याला महाग

२३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने आणखी एक स्वागतार्ह पाऊल टाकले. ज्यांना इंटरनेट नको, केवळ बोलणे व एसएमएस हवे, अशा ग्राहकांसाठी वेगळे पॅक द्यावेत, असा नियम झाला. ज्यांच्याजवळ साधा बटणाचा फोन आहे अशा वृद्धांना व श्रमिकांना त्याचा लाभ व्हावा, ही अपेक्षा होती. २०२५ च्या जानेवारीत कंपन्यांनी काय केले? एअरटेलचा ८४ दिवसांचा ५०९ रुपयांचा पॅक होता. त्यात ६ जीबी डेटा मिळे. तो डेटा काढून घेतला आणि किंमत ठेवली ४९९ रुपये. म्हणजे ६ जीबी डेटाचे मोल दहा रुपये! नियामकाने दरांची छाननी करण्याचे सूचित केल्यावर हा पॅक ४६९ वर आला आणि ३६५ दिवसांचा पॅक १९५९ वरून १८४९ वर. जिओनेही आपला ८४ दिवसांचा पॅक ४५८ वरून ४४८ वर आणला. नुसत्या छाननीच्या सूचनेने दर उतरतात, हे या प्रकरणाने सिद्ध केले आहे. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु खरी मेख दरात नसून मुदतीत आहे. या दोन कंपन्यांनी केवळ बोलण्याचे जे पॅक आणले, त्यांत सर्वांत लहान ८४ दिवसांचा होता. रोजंदारीवरच्या माणसाने एकरकमी ४६९ रुपये आणावेत कोठून? तो पुन्हा १९९ रुपयांच्याच पॅककडे वळतो. आता हिशेब मांडून पाहावा. १९९ रुपयांना २८ दिवस म्हणजे दिवसाला ७ रुपये १० पैसे. ४६९ रुपयांना ८४ दिवस म्हणजे दिवसाला सुमारे ५ रुपये ६० पैसे. १८४९ रुपयांना ३६५ दिवस म्हणजे दिवसाला ५ रुपये ७ पैसे. वर्षाचे पैसे एकदम भरणारा १८४९ रुपयांत सुटतो. महिन्याची जुळवाजुळव करणारा १३ वेळा १९९ प्रमाणे २५८७ रुपये देतो. बोलण्याची सोय दोघांची एकच, आणि गरिबाला ७३८ रुपये अधिक. डेटाची किंमत कंपनीनेच दहा रुपये ठरवली असल्याने ही तफावत डेटामुळे पडते, असे म्हणण्याचीही सोय नाही. किराणा दुकानात पावशेर तेल घेणाऱ्याला डबा घेणाऱ्यापेक्षा महाग पडते, त्यातलाच हा प्रकार होय. फरक इतकाच की, तेलवाल्याला सुटे तेल मोजून देण्याचे कष्ट तरी पडतात. येथे ते कष्टही नाहीत. हा अधिभार सेवेवरचा नसून गरिबीवरचा आहे.

स्पर्धा कोठे गेली?

बाजारपेठेचे समर्थक सांगतात की, एक कंपनी महाग वाटली तर ग्राहकाने दुसरीकडे जावे. २० जानेवारी २०११ पासून तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर आहे, हे खरे. पण जावयाचे कोठे? २०१० च्या सुमारास देशात दहाहून अधिक मोबाइल कंपन्या होत्या. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओने मोफत सेवा देत बाजारात प्रवेश केला आणि ती मोफत सेवा पुढील मार्चअखेरपर्यंत चालली. त्याविरुद्धची एअरटेलची तक्रार स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये फेटाळली. पुढील दोन-तीन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर, टाटा यांची मोबाइल सेवा एक तर बंद पडली, नाही तर दुसऱ्याच्या पोटात गेली. खासगी कंपन्या उरल्या तीन. त्यांतील दोघींकडेच आज सुमारे तीन-चतुर्थांश ग्राहक आहेत. फुकट वाटप हे मक्तेदारीचे बियाणे होते. पीक आता कापले जात आहे.

२०२४ ची दरवाढ पाहावी. जूनअखेरीस स्पेक्ट्रमचा लिलाव संपला आणि लगोलग, २७ व २८ जूनला, तिन्ही कंपन्यांनी दरवाढ जाहीर केली. ३ व ४ जुलैला ती अमलातही आली. जनतेने आपल्या परीने उत्तर दिले. त्या जुलै महिन्यात तिन्ही कंपन्यांचे लक्षावधी ग्राहक घटले आणि सार्वजनिक क्षेत्रातील बीएसएनएलला सुमारे २९ लाख नवे ग्राहक मिळाले. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत एकट्या जिओने १ कोटीहून अधिक ग्राहक गमावले. तरीही तिचे दर ग्राहकामागील सरासरी मासिक उत्पन्न १८१.७ रुपयांवरून १९५.१ रुपयांवर गेले. एअरटेलचे २११ वरून २३३ वर. एक कोटी माणसे निघून गेली आणि धनी अधिक श्रीमंत झाला! ज्या बाजारात असे घडते, तेथे ग्राहकाचे जाणे हे शस्त्र उरत नाही. गरीब ग्राहक निघून जाणे हा तेथे तोटा नसून हिशेबाची सफाई ठरते.

बाहेर पडण्याची वाटही सरळ नव्हती. कंपनी बदलण्यासाठी १९०० या क्रमांकावर एसएमएस करावा लागतो. आणि स्वस्त पॅकमध्ये एसएमएसच ठेवलेला नसे! अखेर ७ डिसेंबर २०२१ रोजी ट्रायला आदेश काढावा लागला की, पॅक कोणताही असो, या एका एसएमएसची सोय सर्वांना मिळालीच पाहिजे.

ऐच्छिक की अनिवार्य?

शासनाची भूमिका अशी की, दर बाजार ठरवतो आणि भारतातील दर जगात अत्यल्प आहेत. २०२४ च्या जुलैत केंद्र सरकारने तसे पत्रकच काढले. दर जीबीमागे हिशेब केला तर हे खरे असेलही. पण ज्याला डेटा नकोच आहे, त्याला जीबीचा भाव सांगून काय उपयोग? त्याची मोजपट्टी त्याची मजुरी ही आहे.

शिवाय आता फोन ही ऐच्छिक वस्तू राहिलेली नाही, आणि ती तशी ठेवली नाही शासनानेच. शेतकऱ्याला पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर करावी लागते. २०२५ च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा त्या स्त्रीच्या आणि तिच्या पतीच्या वा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणे आवश्यक ठरले. महिन्याला १५०० रुपये मिळवण्यासाठी घरातले दोन फोन चालू हवेत. म्हणजे २८ दिवसांना ३९८ रुपये. बँकेचा व्यवहार, गॅसची नोंदणी, नाक्यावरच्या मजुराला मुकादमाचा निरोप, हे सर्व फोनवर येते. रिचार्ज संपले की काही दिवसांत इनकमिंग थांबते आणि त्याबरोबर रोजगारही. चार फोनांच्या घराला १९९ च्या हिशेबाने वर्षाला १० हजार ३४८ रुपये लागतात. त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर अंतर्भूत आहे. म्हणजे प्रत्येक १९९ मधले सुमारे ३० रुपये सरकारच्या तिजोरीत जातात. शासनाने वस्तू अनिवार्य करावयाची, तिच्यावर कर घ्यावयाचा आणि दराचा प्रश्न आला की बाजाराकडे बोट दाखवावयाचे, हा न्याय नव्हे.

मागणी काय असावी?

या प्रश्नावर 'सर्व पूर्वीसारखे सरकारी करा' एवढे म्हणून भागणार नाही. जुन्या टेलिफोन खात्याकडे कनेक्शनसाठी वर्षानुवर्षे ताटकळणारी माणसे अनेकांना आठवत असतील. त्या काळाची भलामण करण्याचे कारण नाही. परंतु बीएसएनएलची आजची दुर्बलता ही कामगारांच्या आळसाची निष्पत्ती नव्हे. खासगी कंपन्या ५ जी कडे वळल्या तरी तिला ४ जी साठी ताटकळत ठेवले गेले. २०२० च्या ३१ जानेवारीला सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. आणि तिच्या स्वदेशी ४ जी सेवेचे देशव्यापी उद्घाटन झाले २७ सप्टेंबर २०२५ रोजी. २०२४ मध्ये लाखो माणसे तिच्या दाराशी आली, तेव्हा घरात दिवा पुरेसा नव्हता.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिली: केवळ बोलणे व एसएमएस यांसाठी ३० दिवसांचा एक पायाभूत पॅक प्रत्येक कंपनीने दिला पाहिजे आणि त्याचा कमाल दर ट्रायने ठरवला पाहिजे. दुसरी: लहान मुदतीच्या पॅकचा दर दिवसाचा भाव मोठ्या मुदतीच्या पॅकपेक्षा अधिक नसावा. तिसरी: रिचार्ज संपल्यावर किमान ९० दिवस इनकमिंग आणि ओटीपी चालू राहावेत. चौथी: सर्वांत स्वस्त योजना मागे घेण्यापूर्वी नियामकाची संमती आवश्यक असावी. पाचवी: पायाभूत पॅकवरचा वस्तू व सेवा कर रद्द व्हावा. ट्रायला अधिकार नाहीत, ही सबब टिकणारी नाही. १९९७ च्या कायद्याने दर ठरवण्याचा अधिकार तिला दिलेलाच आहे, आणि २०१५ मध्ये रोमिंगच्या दरांवर तिने कमाल मर्यादा घातलीही होती. दूरसंचारात दर मोकळे सोडणे हा निसर्गनियम नव्हे. ते एक धोरण आहे, आणि धोरणे बदलता येतात.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे कामही उघड आहे. वस्तीवस्तीत जाऊन किती घरांत रिचार्जअभावी फोन बंद आहेत, त्यामुळे कोणते अनुदान अडले, कोणता रोजगार बुडाला, याची नोंद करावी. १९८ वर तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ग्राहक न्यायालयाचे दारही खुले आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. एकेकट्या तक्रारीला कंपनी भीक घालणार नाही. पण एका तालुक्यातून हजार तक्रारी गेल्या तर ट्रायला त्या दृष्टिआड करता येणार नाहीत.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईतील स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा लढा तेल, साखर, रॉकेल यांसाठी होता. जीवनावश्यक वस्तूंची यादी काळाबरोबर बदलते. 'दाम बांधो' ही डॉ. लोहियांची घोषणा ज्या पक्षपरंपरेने एके काळी गावोगाव पोहोचवली, तिने आता त्या यादीत रिचार्जचीही नोंद केली पाहिजे.