हात काळे झाले तर काय बिघडलं?



गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला अंगणात मोटरसायकल उघडून बसलेला पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आ उंमरे? मिस्त्रीने आपी दो ने!" मी हसलो. पण तेव्हापासून मनात आहे ते आज लिहितोच.

माझ्याकडे राजदूत 350 आहे. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी 350 वरून 1983 पासून आपल्याकडे काढलेली. एक गृहस्थ परदेशी निघाले होते, त्यांच्याकडून मी 1990 मध्ये जुनी घेतली. पेट्रोल इतकी पिते, की आमची ही तिला 'जावईबापू' म्हणते.

या गाडीला दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर. दोघांनी सारखं काम केलं तर गाडी लोण्यासारखी चालते. एक पुढे, एक मागे झाला की थरथर, धूर आणि वर पेट्रोलचा खर्च. आम्ही बँकवाले दोन्ही बाजूंची बेरीज जुळल्याशिवाय घरी जात नसू, तसंच हे.

1991 मध्ये एका गॅरेजला कार्ब्युरेटर साफ करायला दिले. दुसऱ्या रविवारी मुलाला मागे बसवून पावागडला निघालो. हालोलच्या अलीकडे डाव्या बाजूचं पिस्टन जाम झालं आणि मागचं चाक एकदम अडकलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. मुलगा अकरा वर्षांचा होता. मागे ट्रक नव्हता, एवढंच नशीब. नंतर कळलं, कार्ब्युरेटर बसवताना ऑइल पंपाची केबल ढिलीच राहिली होती. इंजिनला तेल कमी पडलं.

त्या दिवशी ठरवलं, हे काम आपण शिकायचं. पुस्तक मिळवलं, आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून शिकलो. काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. आधी एअर फिल्टर काढायचा. सारख्या मापाची दोन ड्रिल-बिटं घेऊन एकेका स्लाइडखाली ठेवायची आणि आयडल स्क्रूने दोन्ही स्लाइड एका उंचीला आणायच्या. मग मूठ हळूच पिळायची. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. नाहीतर केबलचा ढिलेपणा काढायचा. एअर स्क्रू अलगद बंद करून पुस्तकात दिलेत तितके फेरे, साधारण दीड, उघडायचे. ऑइल पंपाची खूण शेवटी जुळवायची, आणि ती विसरायची नाही! सगळं उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून. मग गाडी चालू करून दोन्ही सायलेन्सरमागे जरा अंतरावर तळहात धरायचे. दोन्ही हातांना सारखा झोत लागला की समजायचं, जमलं.

वडील तेव्हा म्हणाले होते, "बँकेतला ऑफिसर ग्रीस माखून बसतो, लोक काय म्हणतील?" मला राग आला होता. आणि तीन-चार वर्षांनी माझा मुलगा पाना घेऊन शेजारी येऊन बसला, तेव्हा मी काय म्हणालो? "तू अभ्यास कर. हात काळे करू नकोस." तो मुकाट्याने उठून गेला. पुढे शिकला, चांगल्या नोकरीत आहे, तक्रार नाही. पण तो परत कधी त्या स्टुलावर बसला नाही. ही चूक माझी.

आपण बडोदेकर मराठी माणसं सयाजीराव महाराजांचं नाव अभिमानाने घेतो. त्याच महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढलं, हाताचं कौशल्य शिकवायला. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आजही टेक्नॉलॉजी फॅकल्टीपुढून जाताना आपण मुलांना ती इमारत दाखवतो. आणि घरी आल्यावर नळाचा वायसर बदलायलाही माणूस बोलावतो!

कुणी म्हणेल, आता कार्ब्युरेटर राहिलेत कुठे? खरं आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-सहाचे नियम आले आणि नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं. मिस्त्रींची पोटं बुडवा असंही मी म्हणत नाही. ब्रेकचं काम मी आजही त्यांच्याकडेच देतो. पण घरातली एक तरी वस्तू, मग शिलाई मशीन असो की सायकल, मुलांसमोर आपल्या हाताने उघडावी, बिघडवावी आणि नीट करावी. बिघाड शोधायला लागणारा धीर कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. तिला सायलेन्सरमागे उभी केली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजोबा, डाव्या हाताला कमी लागतंय." मी तपासलं. बरोबर होती. एक केबल ढिली होती.

सूनबाई दारातून ओरडली, "अगं, नवा फ्रॉक आहे!" माझा मुलगा म्हणाला, "असू दे गं, धुता येईल."

तुमच्या घरी कोण काय उघडून बसतं, जरूर लिहा.