नकाराचा हक्क
मुदतीच्या आदल्या संध्याकाळी अनोळखी पगारदार फॉर्म १६ पुढे करून ‘आजच विवरणपत्र भरा’ म्हणतो, तेव्हा सीएचा नकार हा उर्मटपणा नव्हे. फॉर्म १६ मध्ये पगार दिसतो; बँकेचे व्याज, शेअरविक्रीचा नफा वार्षिक माहिती विवरणाशी ताडून पाहावा लागतो. गरजूला अडवू नये, हा आक्षेप रास्त. पण उशिराचे शुल्क फार तर ५,००० रुपये, शिवाय थकीत करावर व्याज, आणि विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. (शेअरमधला तोटा मात्र पुढे ओढता येत नाही.) उलट उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर दंड त्यावरील कराच्या २०० टक्के, आणि तो करदात्याच्याच माथी. जादा पैसे घेऊन न तपासता भरून देणाराच खरा बेजबाबदार.