हिमघुबड आणि अनुमोदना

छायाचित्रण हा आपल्या समाजात निरुपद्रवी छंद मानला जातो. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला म्हणजे कोणाच्याही जिवाला धक्का लागत नाही, अशी आपली सरळ समजूत असते. आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज कॅनडात, टोरोंटोच्या परिसरात स्थायिक झाली आहेत आणि तेथील बर्फाची, रंगीत पानांची, पक्ष्यांची चित्रे आपल्या भ्रमणध्वनीवर नित्य येत असतात. त्या ओंटारियो प्रांतातील ऋतुचक्र पाहिले, की ही समजूत थोडी तपासून घ्यावीशी वाटते.

तेथील मे महिना म्हणजे स्थलांतराचा काळ. ईरी सरोवरात टोकासारखे घुसलेले पॉइंट पिली हे राष्ट्रीय उद्यान १९१८ साली स्थापन झाले. दक्षिणेकडून येणारे वॉर्बलर जातीचे चिमुकले पक्षी, वजन जेमतेम दहा ग्रॅम, रात्रभर सरोवर ओलांडून पहाटे या टोकावर उतरतात. ते हाताच्या अंतरावरील फांदीवर बसले, की पाहुण्यांना ते माणसाळलेले वाटतात. वस्तुतः ते थकलेले आणि भुकेलेले असतात. कीटक टिपण्याच्या त्यांच्या वेळेत आपण पुढे-पुढे सरकत राहणे म्हणजे त्यांच्या ताटावर उभे राहणेच होय.

उन्हाळ्यात ॲल्गॉन्क्विनच्या तळ्यांवर लून हा पाणपक्षी दिसतो. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून हाच पक्षी आहे, म्हणून त्या नाण्यालाही लोक ‘लूनी’ म्हणतात. त्याचे पाय शरीराच्या अगदी मागे असल्याने जमिनीवर त्याला नीट चालता येत नाही. घरटे तो पाण्याच्या काठालाच बांधतो. होडी जवळ आली, की तो कधी कधी पाण्यावर ताठ उभा राहून पंख फडफडवतो. हे चित्र मोठे देखणे येते आणि त्याखाली ‘नृत्य’ असे लिहिले जाते. ते नृत्य नव्हे, ती भीती आहे.

शरद ऋतूत, सप्टेंबरच्या अखेरीपासून, मेपलची पाने लाल-केशरी होतात. हवेपेक्षा ऊबदार असलेल्या तळ्यांवरून पहाटे धुके उठते. तेव्हा छायाचित्रकाराने केवळ लवकर उठावे, एवढेच पुरे.

खरा प्रश्न हिवाळ्याचा. डिसेंबरच्या अखेरीस टोरोंटोत दिवस सुमारे नऊ तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून २३ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे दिवसभर तिरपा, मऊ प्रकाश मिळतो. कॅमेरा मात्र पांढऱ्या बर्फाला करडे समजतो. म्हणून प्रकाशमात्रा एक-दीड थांब्याने वाढवावी लागते. बॅटरी थंडीने लवकर उतरते, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात. या दिवसांत आर्क्टिककडून काही हिमघुबडे दक्षिणेच्या मोकळ्या शेतांत उतरतात. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तर ती पूर्व कॅनडा व अमेरिकेत विलक्षण संख्येने आली होती. हे घुबड दिवसाचा बराच वेळ जमिनीवर किंवा कुंपणाच्या खांबावर स्वस्थ बसून काढते. स्वस्थ घुबडाच्या चित्राला गिऱ्हाईक कमी. तेव्हा काही जण पाळीव प्राण्यांच्या दुकानातून जिवंत उंदीर विकत आणतात, बर्फावर सोडतात आणि घुबड झेपावते तो क्षण टिपतात.

“घुबड उंदीर खाणारच, आम्ही दिला तर काय बिघडले?” असा यावर युक्तिवाद होतो. घुबड स्वतःच्या क्षुधेसाठी शिकार करते, त्यात आपला संबंध नाही. परंतु पिंजऱ्यात वाढलेला, पळण्यास बीळ नसलेला पंचेंद्रिय जीव मोल देऊन आणणे व चित्रासाठी मृत्यूच्या तोंडी देणे, ही श्रावकाने सर्वप्रथम त्यागावी अशी सांगितलेली संकल्पी हिंसा आहे. व्यापारात घडणाऱ्या उद्योगी हिंसेची सबब येथे चालत नाही. घुबडाचेही अहित होते: माणूस व मोटार म्हणजे अन्न, असे त्याला वाटू लागले, की ते रस्त्याकडे ओढले जाते आणि वाहनाखाली सापडते. अमेरिकेतील नॅशनल ऑड्युबॉन सोसायटीच्या छायाचित्रणविषयक आचारसूत्रांतही घुबडांना जिवंत आमिष दाखवण्यास मनाई आहे. त्यांना ‘कृत, कारित, अनुमोदित’ हे शब्द ठाऊक नसतीलही.

आपल्याला ते ठाऊक आहेत, आणि अनुमोदनेचा धागा थेट आपल्या पेढीपर्यंत येतो. दिवाळीपूर्वी आपण ग्राहकांसाठी दिनदर्शिका छापून घेतो. त्यांतील परदेशी निसर्गचित्रे विकत घेतलेली असतात. मागणी असते म्हणूनच तो माल तयार होतो. अगदी जमिनीलगत, पंख पसरून, थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येणारे हिमघुबड जानेवारीच्या पानासाठी कोणी सुचविले, तर प्रत्येक वेळी त्यामागे उंदीर असेलच असे नाही, पण ते कसे टिपले हे छापखान्यामार्फत विचारून घ्यावे. समाधानकारक उत्तर आले नाही, तर दुसरे चित्र मागावे. कुंपणाच्या खांबावर डोळे अर्धवट मिटून, छातीवर बर्फाचे कण घेऊन बसलेले घुबडही त्या पानाला शोभून दिसते.